तुमच्या शब्दांत लिहा

चंद्रहास देवस्थळींना वजाबाकी येते की नाही हे तपासून बघायचं, असं जेव्हा न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या त्या कम्युनिटी कॉलेजनं ठरवलं, तेव्हाच खरं तर त्यांनी उठून घरी यायला हवं होतं.

तुम्हीच सांगा. ज्या माणसानं इतकी वर्षं दुधाच्या कारखान्यातले बॉयलर सांभाळले, ज्याच्या सहीशिवाय लोण्याचं एक मशीन हलत नाही, त्या माणसाला प्रश्न काय, तर एका पिझ्झाचे आठ तुकडे केले, साराने तीन खाल्ले, किती उरले? चंद्रहासरावांनी पाच लिहिलं. मग राहवेना म्हणून खाली ‘सारा एकटीच जेवत असल्यास’ अशी टीपही दिली. काउंटरवरच्या मुलीनं टीप वाचली, ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या भाषेत ‘मस्त’, म्हणाली आणि कागद ट्रेमध्ये टाकला. टिपेचे मार्क मिळाले नाहीत.

हा अपमान त्यांनी गिळला, कारण त्यांना इतिहास शिकायचा होता. दहावीला इतिहासात शाळेत पहिला आलेला मुलगा घरच्यांनी इंजिनिअरिंगला घातला, ही चूक पन्नाशी उलटल्यावर का होईना, पण दुरुस्त करायची असं त्यांनी ठरवलं होतं. युनिव्हर्सिटीनं सांगितलं, तुमची इंजिनिअरिंगची पदवी छानच आहे, पण तुम्ही गेल्या तीस वर्षांत एकही निबंध लिहिलेला दिसत नाही. तर आधी वर्षभर कम्युनिटी कॉलेजात जा, तिथे इतिहासात निदान ‘बी’ मिळवा आणि मग फेब्रुवारीत थेट आमच्याकडे या. चंद्रहासरावांनी लगेच कंपनीत जाऊन फेब्रुवारीपासून अर्धवेळ काम मागून घेतलं. कंपनीनंही लगबगीनं त्यांच्या जागी एक तरुण माणूस नेमून टाकला. थोडक्यात, परतीचे दोर कापून झाले होते.

सल्ले आले. ते येणारच. दोन घरं सोडून राहणारा मकरंद आयटीमध्ये आहे आणि मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे त्याला कुठल्याही विषयात बोलता येतं.

“इतिहास? चंद्रहास, यार, डेटा सायन्स कर. आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचे, तसलंच ना काहीतरी?”

“तसलं नाही,” चंद्रहासराव दात आवळून म्हणाले. “इथून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होते.”

“म्हणजे वेटिंग लिस्ट,” मकरंद म्हणाला आणि त्यांच्याच बार्बेक्यूवरचं त्यांचंच पनीर उचलून तोंडात टाकलं.

मुलगी ऋग्वेदा त्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. तिनं एकच अट घातली. “बाबा, कॅम्पसवर मला बघून हात करायचा नाही. प्लीज. डोन्ट वेव्ह.” बापाला मराठीत समजावून महत्त्वाचा भाग इंग्रजीत सांगायची तिची पद्धत आहे. बायको नीता फक्त म्हणाली, “घरात इतिहास सांगणं कमी होणार असेल तर जरूर जा.”

पहिल्याच दिवशी वर्गात अडचण उभी राहिली ती बाईंना हाक काय मारायची याची. साठीच्या बाई, पायात जँडल्स म्हणजे आपल्या रबरी चपला, म्हणाल्या, मला नुसतं जोआन म्हणा. आता ज्यांच्याकडून विद्या घ्यायची त्यांना नुसतं जोआन कसं म्हणायचं? चंद्रहासरावांनी मधला मार्ग काढून ‘जोआन मॅडम’ सुरू केलं. मग प्रत्येकानं इथल्या माओरी रीतीप्रमाणे आपला डोंगर कुठला, नदी कुठली हे सांगून ओळख करून द्यायची होती. एवढ्या चांगल्या प्रथेबद्दल चंद्रहासरावांना त्या देशाविषयी एकदम आदर वाटला. ते उभे राहिले, आपला डोंगर पर्वती आणि नदी मुठा असं म्हणाले आणि पुढे चहाची सुट्टी होईपर्यंत बोलत राहिले. मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, पर्वती किती उंच आहे? ती टेकडी आहे हे काही त्यांनी सांगितलं नाही. देशाच्या अब्रूचा प्रश्न होता.

मग आली वर्गातली लेखी परीक्षा. निम्मे मार्क तिलाच. पुस्तकातलं एक प्रकरण नेमलेलं होतं, न्यूझीलंडचं लोणी बर्फाच्या बोटींतून विलायतेला कसं गेलं आणि त्यामुळे या देशाचं काय झालं, याबद्दलचं. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी काय अभ्यास केला देव जाणे. दोघे जण तर परीक्षेच्या आदल्या दिवशी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन निघालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. चंद्रहासरावांनी मात्र आपल्याला जसा अभ्यास करायला शिकवला तसाच केला. प्रकरण पाठ केलं. गाडी चालवताना म्हटलं, बॉयलरपाशी उभं राहून म्हटलं, आंघोळ करताना म्हटलं. जेवण झाल्यावर नीताच्या हातात पुस्तक द्यायचे आणि समोर हाताची घडी घालून उभे राहायचे.

“हं, घे म्हणून,” ते फर्मावायचे.

“‘बट’च्या आधी कॉमा आहे,” नीता म्हणायची.

“कॉमा म्हणायचा नसतो गं, लिहायचा असतो!”

परीक्षेत त्यांनी ते प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत उतरवून काढलं. काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मध्येच उभं राहून पुरवणी मागितली. जोआन मॅडमनी आश्चर्यानं दोन कोरे कागद दिले. शेवटी पुरवणी बांधायला त्यांनी दोरा मागितला. दोरा नव्हता. ज्या देशात परीक्षेला दोरा मिळत नाही त्या देशाच्या शिक्षणाबद्दल त्यांना जे वाटलं, ते त्यांनी स्टेपलर मारताना तोंडातल्या तोंडात बोलून घेतलं.

आठवड्याभरानं कॉलेजची ईमेल आली. तुमच्या उत्तरपत्रिकेसंबंधी विभागप्रमुखांना तुम्हाला भेटायचं आहे, सोमवारी यावं, सोबत कुटुंबीय किंवा मित्र यांना आणलंत तरी चालेल.

इथे चंद्रहासरावांचं जे झालं ते तुमचं-माझंही झालं असतं. आयुष्यात शाळा-कॉलेजानं कुटुंबासह कधी बोलावलंय आपल्याला? बक्षीस समारंभाला! त्यांनी ती ईमेल नीताला वाचून दाखवली. नीता म्हणाली, मी साडी नेसू की ड्रेस? त्यांनी मकरंदला दाखवली. मकरंदनं ती अर्धवट वाचली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं: ‘अभिमानास्पद! आपले चंद्रहास देवस्थळी यांचा कॉलेजतर्फे सहकुटुंब गौरव. येत्या रविवारी आपणही त्यांचा सत्कार करत आहोत.’ खाली इतके हात जोडले गेले आणि इतकी फुलं पडली, की फोन बंद करून ठेवावा लागला. इंडियन स्टोअरमधून नारळ आला. शाल कुणाच्या तरी लग्नातली न वापरलेली निघाली.

ऋग्वेदानं शनिवारी ती ईमेल खालपर्यंत वाचली.

“बाबा,” ती म्हणाली, “धिस इज नॉट अ प्राइझ.”

“म्हणजे?”

“दे थिंक यू चीटेड. कॉपी. सोबत माणूस आणा म्हणजे सपोर्टसाठी, रडू वगैरे आलं तर.”

नीतानं इस्त्रीला काढलेली साडी घडी घालून पुन्हा कपाटात ठेवली. चंद्रहासरावांनी मकरंदला फोन करून सत्कार रद्द करायला सांगितलं, तर मकरंद म्हणतो, अरे, पोहे भिजवणाऱ्या बायका ठरल्यात, आता कसं रद्द करणार? तू काही बोलू नकोस, मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर रविवारी त्यानं माइक घेऊन ‘परदेशी विद्यापीठाला ज्यांच्या उत्तरपत्रिकेनं विचारात पाडलं’ अशी सुरुवात केली. चंद्रहासराव खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभे होते. टाळ्या वाजत होत्या. रविवारी सत्कारमूर्ती आणि सोमवारी आरोपी, असं भाग्य आमच्या ओळखीत तरी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

सोमवारी सोबत आला तोही मकरंदच. त्याला वाटत होतं, आपलंही थोडं चुकलंय.

टेबलापलीकडे जोआन मॅडम होत्या आणि ग्रॅहम नावाचे विभागप्रमुख. मधे चंद्रहासरावांची उत्तरपत्रिका, स्कॅन करून कॉम्प्युटरनं तपासलेली. पुस्तकाशी जुळलेला मजकूर कॉम्प्युटर पिवळा करतो म्हणे. सगळी पानं हळदीसारखी पिवळीधमक होती. पांढरं राहिलं होतं ते फक्त त्यांचं नाव.

“फोन कुठे लपवला होता?” ग्रॅहमनी अगदी मऊ आवाजात विचारलं. ही मंडळी अपमानसुद्धा मऊ आवाजात करतात, आणि तेच जास्त लागतं.

“फोन?” चंद्रहासराव उभेच राहिले. “मी चोर आहे? मकरंद, काढ पुस्तक! धर पान!”

आणि त्यांनी हाताची घडी घातली आणि सुरुवात केली. लोणी, गवळी, बोटी, बर्फ, लंडनचा बाजार, सगळं धडाधड. ग्रॅहमच्या हातातलं पेन थांबलं. जोआन मॅडमनी चष्मा काढला. मकरंद ओळीवर बोट ठेवून बघत होता.

“एक ‘द’ राहिला,” तो मधेच म्हणाला.

“तू कुणाच्या बाजूनं आलायस?” चंद्रहासराव मराठीत खेकसले आणि ‘द’ घालून ते वाक्य पुन्हा म्हणाले.

संपल्यावर ग्रॅहमनी पेन टेबलावर ठेवलं. “अमेझिंग,” ग्रॅहम म्हणाले. “तुम्ही फोन वापरला नाहीत हे सिद्ध झालं. पण मग हेही सिद्ध झालं की यातला एकही शब्द तुमचा नाही.”

“अर्थातच नाही! पुस्तक तुमचं, लेखक तुमचा. एवढ्या विद्वान माणसानं लिहिलेल्यात मी माझं पदरचं कशाला घालू?”

आपण बचाव केला की कबुली दिली, हे त्यांना समोरच्यांचे चेहरे बघून कळलं.

जोआन मॅडम पुढे झुकल्या. “चंद्रहास, तुमच्या शाळेत कधीच कुणी सांगितलं नाही का, की उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा?”

‘नाही’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण सांगितलं होतं. दर वर्षी, दर पेपरला, छापून सांगितलं होतं. ‘प्रश्न तिसरा. तुमच्या शब्दांत लिहा.’ महाराष्ट्रात पेपर दिलेल्या प्रत्येकानं ती ओळ वाचलेली आहे आणि ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचून सोडून द्यावं तशी सोडून दिलेली आहे. चंद्रहासरावांनी एकदाच ती खरी मानली होती. चौथीत. पण ते त्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं.

निकाल लागला. उत्तर रद्द. इतिहासातला कुठलाही विषय घेऊन नवा निबंध लिहायचा, पुढच्या शुक्रवारपर्यंत, स्वतःच्या शब्दांत. त्यात ‘बी’ मिळाला तर युनिव्हर्सिटी. नाहीतर अर्धी नोकरी, एक शाल आणि एक नारळ.

घरी येऊन ते लॅपटॉपसमोर बसले. दुसऱ्या दिवशी बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. लोण्यावर लिहावं म्हटलं की पाठ केलेलं प्रकरण आपलं आपण बोटांतून बाहेर यायला लागायचं, आणि ते पुसलं की खाली काहीच उरत नव्हतं. मकरंदनं सुचवलं, एआयला सांग, तो सगळे शब्द बदलून देतो. चंद्रहासरावांनी त्याला त्या दिवशी चहा न देता परत पाठवलं.

“माझ्याकडे शब्दच नाहीत,” ते शेवटी नीताला म्हणाले.

“तुझ्याकडे?” नीता हसली. “भांडताना तर कधी कमी पडत नाहीत.”

हे त्यांना इतकं लागलं की त्यांनी निबंध बाजूला ठेवला आणि ग्रॅहमच्या नावानं तक्रार लिहायला घेतली. आणि काय सांगू, बांध फुटला! तुम्ही मला लबाड ठरवता? मग ऐका. आमच्याकडे पाठांतराला लबाडी म्हणत नाहीत, बुद्धी म्हणतात. हे का, कधीपासून, कुणाच्या सोयीसाठी, ते सांगतो. पुस्तकं थोडी होती तेव्हा माणसंच पुस्तकं होती, ते सांगितलं. मग एकाच पुस्तकावर लाखो मुलांचे पेपर तपासायचे म्हणजे मास्तरांना शब्दाला शब्द जुळवणंच परवडतं, तेही सांगितलं. मग चौथीतल्या खांबेटे बाई आल्या. प्रश्न होता, लाल महालात शाइस्तेखानाची फजिती कशी झाली? तुमच्या शब्दांत लिहा. एका नऊ वर्षांच्या मुलानं तसं खरंच लिहिलं. बाईंनी त्याला उभं करून ते वर्गात मोठ्यांदा वाचलं, पोरं खो खो हसली, आणि पाचपैकी अर्धा मार्क मिळाला. त्या मुलानं तो पेपर फाडला आणि त्या दिवसापासून स्वतःचा एकही शब्द उत्तरपत्रिकेत लिहिला नाही, आणि सगळीकडे पहिला आला. आता तुम्ही म्हणता, तुझे शब्द कुठेत? साहेब, ते तुमच्यासारख्याच लोकांनी काढून घेतलेत, आणि आता तुम्हीच पुन्हा मागताय!

न तपासता त्यांनी ती तक्रार पाठवून दिली. पुस्तक एकदाही उघडावं लागलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवारी जोआन मॅडमचा फोन आला. “तुमची तक्रार फेटाळली आहे.”

“अपेक्षाच होती,” चंद्रहासराव ताठ आवाजात म्हणाले.

“पण मी ती दोनदा वाचली. अहो, हा इतिहास आहे. दावा आहे, कारणं आहेत, माझ्याशी वाद घालणं आहे. तुमचा निबंध म्हणून मी हाच घ्यायला तयार आहे. फक्त मधे एक भोक आहे. सगळं ज्यावर उभं आहे ते त्या मुलाचं उत्तर. ते काय होतं? ते नसेल तर माझ्याकडे फक्त तुमचा राग उरतो. उद्यापर्यंत द्या.”

चंद्रहासरावांनी फोन ठेवला आणि आठवायला लागले. काही आठवेना. खांबेटे बाईंचा आवाज आठवत होता, पोरांचं हसणं आठवत होतं, बर्फाच्या बोटींवरचं प्रकरण तर आत्ताही घडाघडा म्हणता आलं असतं. आपलं मात्र एक वाक्य येईना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी त्यांनी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ होती. विमलताई मेथी निवडत होत्या आणि फोन असा टेकवला होता की स्क्रीनवर त्यांचं अर्धं कपाळ आणि पंखा दिसत होता.

“आई, चौथीत खांबेटे बाईंनी माझा पेपर वर्गात वाचला होता, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? रडत आला होतास.”

“त्यात मी काय लिहिलं होतं, तुला काही—”

“थांब,” विमलताई म्हणाल्या. मेथी बाजूला झाली. पदर सारखा करणारा हात पंख्यासमोरून गेलेला दिसला. आणि त्या सुरू झाल्या, थेट, न अडखळता.

“‘खान पळाला आणि त्याची बोटं तुटली हे सर्वांना माहीत आहे. पण त्या वेळी स्वयंपाकघरात आचारी होते. रोजे असल्यामुळे ते पहाटेच्या जेवणाची तयारी करत होते. ते पोटासाठी आले होते. त्यांना लढाई येत नव्हती. महाराज तिथूनच आत गेले, म्हणून आचाऱ्यांनी महाराजांना सगळ्यांत जवळून पाहिलं. त्यांची नावं पुस्तकात दिलेली नाहीत. मला वाटतं, नंतर कुणीतरी त्यांनाही विचारायला पाहिजे होतं.’ संपलं.”

चंद्रहासरावांचे डोळे भरून आले होते आणि ते नीताला दिसू नयेत म्हणून ते फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले.

“आई, तुला हे पाठ कसं?”

“आवडलं होतं मला. तू पेपर फाडलास, मग ठेवणार कुठे? तुकडे जुळवून वाचलं दोन-चारदा, राहिलं डोक्यात.”

“मग मला का नाही सांगितलंस तेव्हा? आवडलं म्हणून? बाईंसारखीच मलाच ओरडलीस तू. दुसऱ्या दिवसापासून पाठ करून घ्यायला लागलीस!”

“सांगितलं असतं तर तू पुन्हा तसंच लिहिलं असतंस,” विमलताई म्हणाल्या. “साडेचार मार्क गेले होते, चंदू.”

ते रागावले. आईवर, खांबेटे बाईंवर, पाच मार्कांच्या त्या प्रश्नावर, सगळ्यांवर रागावले आणि मग “जेवलीस का?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला. मग बसून त्या मुलाचं उत्तर इंग्रजीत केलं, तळटीप म्हणून घातलं आणि खाली आधार दिला: ‘विमल देवस्थळी, पुणे. तोंडपाठ.’

‘बी प्लस’ मिळाला. युनिव्हर्सिटीचा प्रवेश पक्का झाला. मकरंदनं दुसऱ्या सत्काराचा विषय काढला, त्याला दारातूनच परत पाठवण्यात आलं. ऋग्वेदानं मिठी मारली आणि हात न करण्याची अट पुन्हा एकदा सांगितली.

चंद्रहासराव मात्र निबंध हातात घेऊन घरभर धुमसत फिरत होते. शेवटच्या पानावर जोआन मॅडमनी लिहिलं होतं, सगळ्या निबंधात उत्तम काय असेल तर ती तळटीप. बाकीचंही तसं लिहायला शिका.

“म्हणजे बघ,” ते नीताला म्हणाले. “बॉयलर सांभाळून, रात्रीचा दिवस करून लिहिलं मी. आणि भारी कोण, तर तो चौथीतला शेंबडा पोरगा!”

“मग फेब्रुवारीत त्यालाच पाठव,” नीता म्हणाली. “तू बस घरी.”